दोन ध्रुव, दोन तऱ्हांची थंडी

गोव्यात वास्कोला हेडलँड सडा नावाचा भाग आहे. तिथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताच्या ध्रुवीय मोहिमांची जुळवाजुळव इथून होते. काही माणसं उत्तरेला जातात, काही दक्षिणेला. उत्तरेचं आपलं ठाणं म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, न्यू ऑलेसुंद या चिमुकल्या गावातलं ‘हिमाद्री’. ते २००८ साली सुरू झालं. दक्षिणेला, अंटार्क्टिकात, सध्या दोन ठाणी आहेत: १९८९ पासूनचं ‘मैत्री’ आणि २०१२ पासूनचं ‘भारती’.

आता नकाशावर या ठाण्यांची अक्षवृत्तं बघा. हिमाद्री जवळजवळ ७९ अंश उत्तरेला आहे, म्हणजे उत्तर ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर. मैत्री ७१ अंश दक्षिणेच्याही जरा अलीकडे आहे आणि तिथून दक्षिण ध्रुव २,१०० किलोमीटरहून लांब पडतो. हिमाद्री आपल्या ध्रुवाच्या नऊशे किलोमीटर अधिक जवळ आहे, तेव्हा थंडीही तिथेच जास्त असायला हवी. प्रत्यक्षात उलट आहे. न्यू ऑलेसुंदचं वर्षभराचं सरासरी तापमान उणे पाचच्या आसपास, आणि मैत्रीचं उणे दहाच्या आसपास. बरं, मैत्री जिथे आहे तो शिर्माकर टापू बर्फातून वर आलेल्या उघड्या खडकांचा आहे. अंटार्क्टिकाच्या हिशोबात ती सौम्य जागा धरतात.

भारतीचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. ते सुमारे साडेएकोणसत्तर अंश दक्षिणेला आहे. उत्तर गोलार्धात जवळपास त्याच अक्षवृत्तावर काय आहे? नॉर्वेचं ट्रॉम्सो आणि रशियाचं मुर्मान्स्क. ट्रॉम्सोला विद्यापीठ आहे, रहदारी आहे, घरांच्या आवारात झाडं आहेत. मुर्मान्स्कमध्ये अडीच लाखांहून जास्त माणसं राहतात आणि तिथलं बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. भारतीच्या आसपास मात्र शेजारी म्हणून पेंग्विन, सील आणि चिनी-रशियन ठाण्यांतले शास्त्रज्ञ.

आणि थेट ध्रुवांवर गेलं तर फरक आणखी वाढतो. उत्तर ध्रुवावर भर हिवाळ्यात पारा उणे तीस-पस्तीसच्या घरात असतो आणि उन्हाळ्यात शून्याला टेकतो. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकेच्या अमुंडसेन-स्कॉट ठाण्यावर हिवाळ्यात सरासरी उणे साठ आणि ऐन उन्हाळ्यात उणे अठ्ठावीसच्या आसपास. म्हणजे दक्षिण ध्रुवाचा उन्हाळा उत्तर ध्रुवाच्या हिवाळ्याशी बरोबरी करतो. १९५७ पासून तिथे सलग नोंदी ठेवल्या जातात, आणि इतक्या वर्षांत सगळ्यात ‘गरम’ दिवस ठरला तो २५ डिसेंबर २०११. त्या दिवशी पारा चढला उणे १२.३ पर्यंत. शून्य त्या ध्रुवाने आजवर बघितलेलंच नाही.

दोन्हीकडे सहा महिन्यांचा दिवस, सहा महिन्यांची रात्र. सूर्य दोन्हीकडे तितकाच तिरपा. मग हे एवढं अंतर येतं कुठून?

पहिला संशय साहजिकच सूर्यावर जातो, आणि आधी तोच निकालात काढू. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नाही. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असतो आणि जुलैच्या सुरुवातीला १५ कोटी २१ लाखांवर. काही जण यावरून सांगतात की दक्षिणेचा हिवाळा जुलैत, म्हणजे सूर्य लांब असताना येतो, म्हणून दक्षिण ध्रुव जास्त थंड. ऐकायला पटतं, पण जुलैत दक्षिण ध्रुवावर सूर्य उगवतच नाही. जो दिवा दिसतच नाही तो पाच हात लांब आहे की दहा, याने काय फरक पडणार?

उलट, सूर्याचं माप दक्षिणेच्या बाजूने झुकतं. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे दक्षिणेच्या उन्हाळ्यात, सूर्य जवळ असतो आणि ऊन जवळजवळ सात टक्क्यांनी तीव्र असतं. त्या दिवसांत चोवीस तासांचं ऊन मोजलं तर वातावरणाच्या माथ्यावर दक्षिण ध्रुवाला पृथ्वीवरच्या कुठल्याही ठिकाणापेक्षा जास्त ऊन मिळतं. सहारापेक्षाही जास्त! मात्र जवळ असताना पृथ्वी वेगाने पळते, त्यामुळे दक्षिण ध्रुवाचा ‘दिवस’ साधारण १७९ दिवसांचा होतो आणि उत्तरेचा १८६ दिवसांचा. तीव्र पण थोडं, मंद पण जास्त. वर्षअखेर दोघांच्या खात्यात सारखंच ऊन जमा होतं. हा योगायोग नाही, केप्लरच्या नियमातूनच तसं निघतं. एवंच, सूर्य सुटला.

दुसरं उत्तर बहुतेकांना शाळेपासून पाठ असतं: उत्तरेला समुद्र आहे आणि दक्षिणेला जमीन. बरोबर आहे. उत्तर ध्रुव म्हणजे आर्क्टिक महासागराचा मध्य. पायाखाली दोन-तीन मीटर बर्फ, त्याखाली चार किलोमीटर खोल पाणी, आणि भोवती आशिया, युरोप, उत्तर अमेरिका यांचं कडं. दक्षिणेला याच्या नेमकं उलट: मध्ये खंड, भोवती समुद्र. गंमत म्हणजे आकारही जवळजवळ सारखा आहे. आर्क्टिक महासागर आणि अंटार्क्टिका, दोघांचंही क्षेत्रफळ दीड कोटी चौरस किलोमीटरच्या जरा खाली. जणू एकीकडचा खड्डा उकरून दुसरीकडे ढीग घातला.

समुद्र-जमीन म्हटलं की आपल्याला भूगोलातले दोन शब्द आठवतात: सम हवामान आणि विषम हवामान. मुंबई सम, नागपूर विषम. पाणी हळू तापतं, हळू निवतं. म्हणून समुद्राकाठी उन्हाळाही आवाक्यात आणि थंडीही. आतल्या भागात मे महिन्यात होरपळ आणि जानेवारीत हुडहुडी. बहुतेक स्पष्टीकरणं इथेच थांबतात: उत्तर ध्रुव मुंबई, दक्षिण ध्रुव नागपूर, झालं.

पण जरा थांबा. नागपूर मुंबईपेक्षा जानेवारीत थंड असतं हे खरं, तसंच ते मे महिन्यात मुंबईपेक्षा किती तरी जास्त तापतं. दक्षिण ध्रुव खरोखर नागपुरासारखा असता तर त्याचा उन्हाळा उत्तर ध्रुवापेक्षा गरम असायला हवा होता. तसं नाही. उन्हाळा-हिवाळ्यातलं अंतर काढा: उत्तरेला शून्य ते उणे तीस-पस्तीस, दक्षिणेला उणे अठ्ठावीस ते उणे साठ. दोन्हीकडे तीस-पस्तीस अंशच. दक्षिण ध्रुव विषम नाही. त्याची अख्खी पट्टीच्या पट्टी तीसेक अंशांनी खाली सरकवलेली आहे. बारा महिने.

विषम हवामानाचा खरा नमुना हवा असेल तर तो सैबेरियातल्या वेर्खोयान्स्कचा. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला उणे ६७.८ ची नोंद झाली आणि २० जून २०२० रोजी त्याच गावात पारा अधिक ३८ वर गेला. शंभराहून जास्त अंशांचा पल्ला. समुद्रापासून दूर, सखल जमीन अशी वागते. अंटार्क्टिका तशी वागत नाही, म्हणजे ‘ती जमीन आहे’ एवढ्याने भागत नाही. ती कसली जमीन आहे, हे बघायला हवं.

ती उंच जमीन आहे. सगळ्या खंडांत सर्वात उंच. तिची सरासरी उंची दोन हजार मीटरच्या कितीतरी वर जाते, आणि दक्षिण ध्रुव स्वतः २,८३५ मीटरवर आहे. महाबळेश्वराच्या दुप्पट. विमानातून तिथे उतरलेल्या माणसाला थंडीच्या आधी धाप लागते. डोकं दुखणं, झोप न येणं हे सगळं डोंगरी आजाराचं. आपल्या डोळ्यांपुढे मात्र ध्रुव म्हणजे सपाट पांढरं मैदान असतं, कारण फोटोत उंची दिसत नाही.

पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं की स्वेटर घालावा लागतो. हवा वर जाते तशी पसरते, आणि पसरताना निवते. साधारण दर किलोमीटरला साडेसहा अंश. हाच हिशोब दक्षिण ध्रुवाला लावला तर २.८ किलोमीटरचे अठरा अंश होतात. तीस अंशांच्या फरकातले अठरा निव्वळ उंचीचे! हा हिशोब ढोबळ आहे, हे मान्य. ध्रुवाच्या पठारावर हिवाळ्यात हवेचे थर उलटे लागतात, बर्फालगतची हवा सर्वांत थंड आणि काहीशे मीटर वर वीस-पंचवीस अंशांनी ऊबदार, त्यामुळे घाटातला नियम तिथे जसाच्या तसा चालत नाही. तरी आरोपी क्रमांक एक कोण, ते यातून कळतं.

उत्तर गोलार्धही हीच साक्ष देतो. तिथल्या थंडीचा उच्चांक उत्तर ध्रुवावर नोंदला गेलेला नाही. तो आहे ग्रीनलंडच्या बर्फाळ पठारावरचा, ३,१०० मीटर उंचीवरच्या एका स्वयंचलित केंद्राचा: २२ डिसेंबर १९९१, उणे ६९.६. त्याच्या खालोखाल सैबेरियातली वेर्खोयान्स्क आणि ओयम्याकोन. ध्रुवापासून ही सगळी ठिकाणं बऱ्यापैकी लांब आहेत, पण पायाखाली पाणी नाही. दक्षिणेचा आणि जगाचा उच्चांकही ध्रुवावरचा नाहीच. तो रशियाच्या व्होस्तोक ठाण्यावरचा, २१ जुलै १९८३ चा, उणे ८९.२. व्होस्तोक ध्रुवापासून तेराशे किलोमीटरवर आहे, पण उंची ३,४८८ मीटर. थंडी ध्रुवाच्या खुंटीला बांधलेली नसते. ती उंची आणि कोरडेपणा शोधत जाते.

आता ही उंची आली कुठून, तो भाग मला सगळ्यात आवडतो. दक्षिण ध्रुवाच्या २,८३५ मीटरांपैकी सुमारे २,७०० मीटर निव्वळ बर्फ आहे. खालचा खडक जवळजवळ समुद्रसपाटीलाच. कळसूबाईचं शिखर त्या बर्फात गाडलं तर वर आणखी हजार मीटर बर्फ उरेल. आणि हा एवढा डोंगर उभा राहिला तो धो-धो हिमवृष्टीने नव्हे. ध्रुवावर वर्षभरात जे हिम पडतं ते वितळवलं तर दहा सेंटीमीटर पाणीसुद्धा होत नाही. ते वाळवंट आहे, शब्दशः. फक्त तिथे पडलेलं काही जात नाही. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसा तिथे कणाकणाने पहाड साचला, लाखो वर्षं. उंच झाला म्हणून आणखी थंड झाला, थंड झाला म्हणून वितळणं बंद झालं, वितळणं बंद म्हणून आणखी उंच.

उत्तरेला असं का झालं नाही? कारण बर्फाला उभं राहायला तळ लागतो. समुद्रावरचा बर्फ तरंगतो, फुटतो, वाऱ्याबरोबर आणि प्रवाहाबरोबर हिंडतो, आणि दोन-चार वर्षांत ग्रीनलंडच्या पूर्वेकडून अटलांटिकमध्ये वाहून जातो. साचायला वेळच मिळत नाही. म्हणूनच उत्तर ध्रुवावर कायमचं ठाणं नाही आणि कायमचा तापमापकही नाही. आज ध्रुवावर रोवलेला खांब महिन्याभरात भलतीकडे गेलेला असतो. १९३७ च्या मे महिन्यात सोव्हिएत रशियाने चार माणसं आणि एक तंबू विमानाने तिथल्या बर्फावर उतरवला. पुढचे नऊ महिने त्यांचा बर्फाचा तराफा दक्षिणेकडे सरकत राहिला, आणि फेब्रुवारीत त्यांना ग्रीनलंडच्या किनाऱ्याजवळून जहाजाने उचलून आणावं लागलं. उत्तर ध्रुवाचे जे आकडे मी वर दिले ते असल्या तरंगत्या ठाण्यांवरून आणि बर्फात सोडलेल्या यंत्रांवरून मिळालेले आहेत.

हा बर्फ वाहतो हे आधी जिवावर उदार होऊन दाखवलं ते नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनने. त्याने ‘फ्राम’ नावाचं गोल पोटाचं लाकडी जहाज मुद्दाम बांधून घेतलं, बर्फाचा दाब आला की चिरडण्याऐवजी ते वर उचललं जावं म्हणून. १८९३ च्या सप्टेंबरात ते सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात मुद्दाम अडकवलं आणि १८९६ च्या ऑगस्टात ते स्वालबार्डजवळ सुटलं. तीन वर्षं इंजिनाविना, बर्फ नेईल तिकडे. वाटेत नान्सेनच्या लोकांनी बर्फातल्या भोकांतून तापमापक खाली सोडले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट हाती आली. वरचं पाणी गोठणबिंदूला टेकलेलं, पण दोनेकशे मीटर खाली गेलं की तापमान चक्क शून्याच्या वर. ते अटलांटिकचं पाणी होतं. खारट म्हणून जड, आणि जड म्हणून वरच्या थंड पण कमी खाऱ्या थराखाली शिरलेलं. आर्क्टिकच्या पोटात असं उबदार पाणी भरलेलं आहे.

इथून उत्तर ध्रुवाच्या ‘उबे’चं दुसरं कारण सुरू होतं. समुद्राचं पाणी सुमारे उणे १.८ अंशाला गोठतं. म्हणजे हिवाळ्यात वरची हवा उणे तीस असली तरी दोन मीटर बर्फाखालचं पाणी उणे १.८ च्या खाली जाऊच शकत नाही. त्या पाण्यातली उष्णता बर्फातून सतत वर झिरपत राहते. जिथे बर्फाला भेग पडते तिथे तर काळ्या पाण्यातून चहाच्या पातेल्यासारख्या वाफा निघतात. शिवाय पाणी गोठतानाही उष्णता सोडतं. शाळेत जिला अप्रकट उष्मा म्हणत असू ती, ग्रॅममागे ऐंशी कॅलरी. हिवाळाभर नवा बर्फ धरत असतो आणि धरताना हवेला थोडी ऊब देत असतो.

उन्हाळ्यात हेच गणित उलट चालतं. येणारी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते, म्हणून पारा शून्याच्या फार वरही जात नाही. बर्फ घातलेल्या सरबताचं तापमान शेवटचा खडा विरघळेपर्यंत वाढत नाही, तसंच. उत्तर ध्रुवाचा उन्हाळा शून्यावर खिळलेला असतो तो असा. दक्षिणेला पायाखाली जी काही उष्णता असेल ती पावणेतीन किलोमीटर बर्फाच्या आड. वरच्या हवेला तिचा काही उपयोग नाही.

रंगाचाही हात आहे. ताजं, कोरडं हिम अंगावर पडलेल्या उन्हापैकी ऐंशी-नव्वद टक्के परत फेकतं. अंटार्क्टिकाच्या पठारावर बारा महिने तसंच हिम. तेव्हा पृथ्वीवरचं सगळ्यात जास्त ऊन मिळूनही ते पदरात पडत नाही. आर्क्टिकवर जून-जुलैत बर्फाच्या पाठीवर पाण्याची डबकी साठतात, मध्ये मध्ये समुद्र उघडा पडतो, आणि गडद पाणी तर नव्वद टक्क्यांहून जास्त ऊन पिऊन टाकतं.

आता तिसरी गोष्ट: शेजार. उत्तरेच्या समुद्राला जमिनीचं कडं आहे खरं, पण त्याला अटलांटिकच्या बाजूने एक रुंद दार आहे. ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्या मधून उष्ण प्रवाहाचं पाणी थेट आत येतं, आणि त्याची एक शाखा स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याला घासून जाते. आपलं हिमाद्री नेमकं याच किनाऱ्यावर आहे. मुर्मान्स्कचं बंदर न गोठण्याचं श्रेयही याच पाण्याकडे जातं.

दक्षिणेला असं दार नाही. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक सामुद्रधुनीतून निघून, वाटेत कुठेही जमीन न लागता, समुद्र खंडाभोवती पूर्ण फेरी मारून परत तिथेच येतो. वाऱ्याला अडवणारं कोणी नाही, पाण्यालाही नाही. त्या पट्ट्यातल्या अक्षवृत्तांना जुन्या दर्यावर्दींनी दिलेली नावं आपल्याकडे फारच शोभून दिसतात: गरजणारी चाळिशी, खवळलेली पन्नाशी, किंचाळणारी साठी. तिथून पश्चिमेकडून पूर्वेकडे जो प्रवाह फिरतो तो जगातला सर्वांत मोठा. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी तो त्यांच्या शंभर पटींहून जास्त पाणी वाहतो. गरम पाण्याला दक्षिणेकडे जायचं तर हे गरगरतं जातं ओलांडावं लागतं. खोलातून थोडं पाणी शिरतं, आणि पश्चिम अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या हिमनद्यांना ते खालून कुरतडतंही आहे, पण पृष्ठभागावरून थेट वाट नाही.

वर आकाशातही तसंच. हिवाळ्यात दोन्ही ध्रुवांवर थंड हवेचा एक प्रचंड भोवरा तयार होतो. उत्तरेला हिमालय-तिबेट, रॉकी असे पहाड आहेत, जमीन-समुद्राचे चट्टेपट्टे आहेत. त्यांना अडखळून हवेत लाटा उठतात आणि त्या भोवऱ्याला वरचेवर मोडतात. दहा वर्षांत साधारण सहा वेळा उत्तरेचा भोवरा फुटतो आणि त्यात बाहेरची हवा घुसते. दक्षिणेला इतक्या वर्षांच्या नोंदीत असा मोठा फुटीचा प्रसंग एकदाच आला, २००२ मध्ये. ओझोनचं भोक अंटार्क्टिकावर पडलं आणि आर्क्टिकवर क्वचितच पडतं, त्यामागेही हेच आहे: ओझोन खाणाऱ्या रसायनांना लागणारी विलक्षण थंडी त्या न मोडणाऱ्या दक्षिण भोवऱ्यातच टिकते. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ते भोक जाहीर केलं तेव्हा मोजमाप झालेलं होतं अंटार्क्टिकाच्या हॅली ठाण्यावर.

हवेत बाष्प नाही, ढग विरळ. ढगाळ रात्री आपल्याकडे उकडतं आणि निरभ्र रात्री गारठा पडतो, ते कशामुळे हे सगळ्यांना माहीत आहे. दक्षिण ध्रुवावर सहा महिन्यांची निरभ्र रात्र असते. मार्चच्या उत्तरार्धात सूर्य मावळतो, पारा धाडकन उतरतो आणि मग मे ते सप्टेंबर जवळजवळ तळाशीच पडून राहतो. आपल्या डिसेंबर-जानेवारीसारखा थंडीचा ‘कडाका’ असा वेगळा येत नाही, कारण कडाका सोडून दुसरं काही नसतंच.

हे सगळं ऐकून वाटेल की अंटार्क्टिकाच्या नशिबी पहिल्यापासून बर्फच. तसं नाही. कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना मेले. त्यांचे मृतदेह सापडले तेव्हा सोबत सोळाएक किलो दगड होते. मरणाच्या दारातही त्यांनी ते टाकले नव्हते. त्यांत ग्लोसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले. याच झाडांचे ठसे चंद्रपूर-वणीकडच्या कोळशाच्या खडकांत मिळतात. भारत आणि अंटार्क्टिका गोंडवन खंडात एकत्र होते त्या काळची ती झाडं. त्यानंतरही, डायनोसॉरच्या अखेरच्या काळात, अंटार्क्टिका ध्रुवाजवळ होती आणि तरी तिच्यावर जंगल होतं. म्हणजे ध्रुवावर असणं हेही एकट्याने पुरेसं नाही. सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी मोठा हिमथर धरू लागला. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका दूर सरकून समुद्राचं वर्तुळ पूर्ण झालं म्हणून, की हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला म्हणून, यावर शास्त्रज्ञांत बरीच वर्षं वाद आहे. मला विचाराल तर दोघांनी मिळून केलं असावं. अलीकडे मात्र कार्बन डायऑक्साइडचं पारडं जड होत चाललंय.

आणि हाच वायू आता वाढतो आहे, तर दोन्ही ध्रुव त्याला उत्तरही वेगवेगळं देतात. १९७९ पासूनच्या नोंदी घेतल्या तर आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. बर्फ गेला की गडद पाणी उघडं पडतं, ते ऊन पितं, आणखी बर्फ जातो. अंटार्क्टिकाचं पठार त्यामानाने कूर्मगतीने बदलतंय. उणे साठचं उणे अठ्ठावन्न झालं तरी हिम हिमच राहतं, रंग बदलत नाही. भोवतालचा दक्षिणी महासागरही बरीचशी उष्णता गिळून खोल आणि उत्तरेकडे पाठवतो. लाइपझिगच्या एका संशोधकाने २०१७ मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने संगणकातल्या पृथ्वीवर अंटार्क्टिका कापून सपाट केली आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला. सपाट अंटार्क्टिका खऱ्या अंटार्क्टिकेपेक्षा जास्त तापली. उंची तिथेही कामाला आलीच.

अर्थात दक्षिणेचा किल्लाही अभेद्य नाही. १८ मार्च २०२२ ला ऑस्ट्रेलियाच्या बाजूने दमट, उबदार हवेचा एक लोट थेट पठारावर चढला आणि फ्रान्स-इटलीच्या काँकॉर्डिया ठाण्यावर पारा उणे बाराच्या आसपास गेला. त्या दिवसांत तिथे उणे पन्नासच्या आसपास असायला हवा. तिथली माणसं बाहेर येऊन उघड्या अंगाने फोटो काढत होती. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या फेब्रुवारीत, अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ उपग्रहांच्या नोंदींत तोवर कधी नव्हता इतका कमी झाला.

नान्सेनचं ‘फ्राम’ पुढे रोआल अमुंडसेनने मागून घेतलं आणि उत्तरेला जातो असं सांगून निघाला तो दक्षिणेला वळला. १४ डिसेंबर १९११ रोजी तो दक्षिण ध्रुवावर पोचला, शेवटचा चढ कुत्र्यांच्या गाड्यांनी हिमनदीवरून चढून. पंधरा वर्षांनी, मे १९२६ मध्ये, तोच अमुंडसेन ‘नॉर्ग’ या हवाई जहाजातून उत्तर ध्रुवावरून गेला. ते उडालं न्यू ऑलेसुंदहून. हवाई जहाज बांधायचा तो लोखंडी मनोरा अजून गावाबाहेर उभा आहे, हिमाद्रीपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

त्या गावासमोर काँग्सफ्योर्ड नावाची खाडी आहे. पूर्वी ती हिवाळ्यात गोठायची. २००६ पासून ती पूर्वीसारखी भरवशाने गोठत नाही, कारण अटलांटिकचं गरम पाणी आता आतपर्यंत येतं. भारतीय शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये तिच्या तळाला नांगरून एक उभी तार सोडली, ‘इंडआर्क’ नावाची. पाणी किती गरम, किती खारं, कुठल्या खोलीवर, याच्या नोंदी तिच्यावरची उपकरणं वर्षभर घेतात. वर ध्रुवीय रात्र असतानाही.